सासूबाईंनी माळावरून आणलेलं लोखंड

ऑक्टोबरच्या हाफ-टर्मला, म्हणजे शाळांच्या आठवडाभराच्या सुट्टीत, आम्ही डार्टमूरला गेलो ते माझ्या ऑफिसमधल्या एका इंग्रज सहकाऱ्यामुळे. लंडनजवळच्या स्लाऊतल्या आमच्या ऑफिसात तो माझ्या शेजारच्या डेस्कवर बसतो आणि दर सोमवारी त्याच्या बुटांना चिखल असतो. लेटरबॉक्सिंग हा शब्द मी पहिल्यांदा त्याच्याकडूनच ऐकला. डार्टमूर म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्येला पसरलेला प्रचंड ओसाड माळ. मैलोन् मैल झाड नाही, घर नाही, नुसतं पिवळं गवत, दलदल आणि टेकड्यांच्या माथ्यावर कुणीतरी रचून ठेवल्यासारखे ग्रॅनाइटचे खडक. त्या खडकांच्या सांदीकोपऱ्यांत लोक डबे लपवून ठेवतात. डब्यात एक रबरी शिक्का आणि एक वही. अमक्या खडकापासून तमक्या दिशेला इतकं चाला, असा माग दिलेला असतो. तो धरून डबा शोधायचा, त्यातला शिक्का आपल्या वहीत उठवायचा, आपला त्यांच्या वहीत, आणि डबा होता तसा लपवून पुढे निघायचं.

"आणि मग?" नवऱ्याने विचारलं होतं.

"मग काही नाही. पुढचा डबा."

"त्यासाठी एवढं ड्राइव्ह करायचं?"

त्याला ते पटलं नाही, पण सासूबाईंना फार आवडलं. त्या पुण्याहून दिवाळीसाठी आमच्याकडे आल्या होत्या. सगळा जन्म त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. नकाशा हातात आला की त्यांचा आवाजच बदलतो. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आमच्या आठ वर्षांच्या लेकीला स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवून होकायंत्र कसं धरायचं ते शिकवलं. लेक इथेच जन्मलेली, तिचं मराठी जरा वाकडंतिकडं. "आजी, हा सुई हलतो का सारखा?" असं विचारत होती. एरवी तिचं मराठी दुरुस्त करणाऱ्या सासूबाई त्या दिवशी सुईच्या कौतुकात ते विसरूनच गेल्या.

आम्ही माळाच्या कडेला एका खेड्यात कॉटेज भाड्याने घेतलं होतं. दगडी भिंती, बुटकी दारं, मागे मेंढ्यांचं शेत. मालकीणबाई शेजारच्याच घरात राहायच्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. पहिल्या संध्याकाळी किल्ली देताना त्यांनी लेकीला सांगितलं की या माळावर पूर्वी कथिलाच्या खाणी होत्या, अजूनही कुठे कुठे खाणकामगारांची जुनी हत्यारं मातीतून वर येतात. सासूबाई ते कान देऊन ऐकत होत्या. त्यांना जुन्या वस्तूंचं वेड. कुठेही गेल्या तरी एखादा दगड, शिंपला, गंजलेली कडी असं काहीतरी पिशवीतून येतंच. पुण्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये अशा वस्तूंनी एक आख्खं कपाट भरलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माळावर चढलो. गाडी लावली तिथे एक पाटी होती. या भागात लष्कराचा सराव चालतो, लाल बावटा दिसला तर आत जाऊ नका, जमिनीवर पडलेली कुठलीही धातूची वस्तू उचलू नका, ती फुटून जीव जाऊ शकतो. त्या दिवशी बावटा नव्हता, म्हणजे आत जायला परवानगी होती. पाटी सासूबाईंनीच लेकीसाठी मोठ्याने वाचली, वर्गात धडा वाचावा तशी. आम्ही सगळ्यांनी ऐकली. सिगारेटच्या पाकिटावरची सूचना जशी वाचतो, तशी.

पहिला डबा सासूबाईंनाच सापडला. त्या हळू चालतात, वाकून चालतात, त्यामुळे आम्हाला न दिसलेली फट त्यांना दिसली. आत हिरवा रंग दिलेली पत्र्याची पेटी होती, लष्कराच्या गोळ्या ठेवायची जुनी पेटी. असल्या पेट्यांत पाणी शिरत नाही म्हणून लेटरबॉक्सवाले वापरतात. लेकीने शिक्का उठवला तर उडी मारणाऱ्या सशाचं चित्र आलं. ती इतकी हरखली की तिने आजीला तिथेच मिठी मारली. दोघींची जाकिटं भिजली होती, नाकं लाल झाली होती. नवरा, जो सकाळपर्यंत कुरकुरत होता, तोच म्हणाला, "चला, अजून एक करू."

दुसऱ्या डब्याचा माग एका ओढ्याच्या काठाने जात होता. आम्ही तिघं पुढच्या खडकांत शोधत होतो. सासूबाई मागे, ओढ्याशी होत्या. पावसाने काठाची माती ढासळली होती. थोड्या वेळाने त्या आल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावरची कापडी पिशवी एका बाजूला ओढली गेली होती. "काय मिळालं?" मी विचारलं. "घरी गेल्यावर दाखवते," त्या म्हणाल्या, आणि चेहऱ्यावर ते हसू, जे दगड मिळाल्यावर असतं. मला वाटलं, दगडच असणार. दुसरा डबा काही सापडला नाही. धुकं उतरायला लागलं तसे आम्ही परत फिरलो. गाडीत सासूबाईंनी पिशवी लेकीच्या मांडीवर दिली, कारण पायाशी ओले बूट होते. रस्ता खडबडीत, वळणावळणाचा. लेक पिशवीला मिठी मारून झोपून गेली.

कॉटेजवर आल्यावर मी वर जाऊन कपडे बदलत होते, तेव्हा खालून आवाज येत होता. टक, टक, टक. दगडावर काहीतरी ठोकल्याचा. मी जिन्यावरून ओरडून विचारलं, "आई, काय करताय?" त्या म्हणाल्या, "माती काढतेय गं, फार चिकटलीय." मी केस पुसत राहिले.

खाली आले तेव्हा ती वस्तू ओट्यावर होती, वर्तमानपत्रावर, शेगडीच्या अगदी शेजारी. सासूबाईंनी ती मागच्या दाराच्या पायरीवर ठोकून, मग सिंकमध्ये भांडी घासायच्या स्क्रबरने घासून स्वच्छ केली होती. वीतभराहून थोडी लांब, लाटण्याहून चांगली जाड, एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला गंजलेल्या पत्र्याच्या पात्या फुलासारख्या उघडलेल्या. घासल्यामुळे एका बाजूने काळं लोखंड चमकत होतं.

"खाणीतलं काहीतरी असणार," त्या म्हणाल्या. "मालकीणबाईंना विचारते."

नवऱ्याने उचलून पाहिली. "जड आहे," म्हणाला आणि खाली ठेवली. लेकीने पात्यांमधून बोट फिरवलं. मी चहाचं बघत होते. सासूबाईंनी शेजारच्या शेगडीवर दूध तापत ठेवलं होतं. आम्ही चौघंही त्या ओट्याभोवती होतो आणि कुणाच्याही मनात काही आलं नाही. आज हे लिहितानाही मला ते खरं वाटत नाही.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. त्यांच्या कोंबड्यांची अंडी द्यायला. त्या मागच्या दाराने आत आल्या, तोंडभर हसत, आणि सासूबाई उत्साहाने म्हणाल्या, "प्लीज टेल मी, व्हॉट इज धिस?"

मालकीणबाईंनी ओट्याकडे पाहिलं. त्यांचं हसू गेलं असं म्हणता येणार नाही, ते तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र दुसऱ्याच कुणाचे झाले. त्यांनी अंड्यांचा डबा अगदी सावकाश खुर्चीवर ठेवला. मग हात लांब करून शेगडीचं बटण बंद केलं. तो हात त्या वस्तूच्या वरून गेला.

"ही कुणी हलवली?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या. "मी धुतलीसुद्धा."

"आता कुणी हात लावू नका. सगळे बाहेर चला. आत्ता."

"काय झालं?" नवरा म्हणाला.

"हा बॉम्ब आहे. बाहेर."

मी तो शब्द ऐकला, पण तो आत पोचायला वेळ लागला. सासूबाई म्हणाल्या, "बूट घालते," आणि बुटांकडे वळल्या, तेव्हा ती कमी बोलणारी बाई अशी ओरडली की मेंढ्यांनी शेतात माना वर केल्या असतील. "नो शूज! आउट!" तिने लेकीचं मनगट धरलं आणि तिला जवळजवळ उचलूनच दाराबाहेर नेलं. आम्ही मागून धावलो. मी अनवाणी होते. सासूबाई मोज्यांवर. गल्लीतल्या थंड, ओल्या खडीवरून आम्ही चर्चपर्यंत पळत गेलो, आणि मालकीणबाई वाटेतल्या प्रत्येक दारावर मूठ आपटत होत्या. दारं उघडत होती, म्हातारी माणसं, कुत्री, एक तान्हं मूल घेतलेली बाई, सगळे काही न विचारता बाहेर पडत होते. हे लोक माळाकाठी राहतात. त्यांना कारण सांगावं लागलं नाही.

चर्चच्या भिंतीशी थांबलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या हातात भांडी पुसायचा टॉवेल आहे. मी त्याची घडी घालत होते. उलगडत होते आणि परत घडी घालत होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालू होती, आणि ती बॉम्बची नव्हती. कापडी पिशवीवर गाल टेकून गाडीत झोपलेली लेक दिसत होती, आणि रस्त्यावरचे गचके. प्रत्येक गचका मला वेगळा आठवत होता.

आणि मग नवरा ओरडला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला आईशी आवाज चढवताना कधी पाहिलं नव्हतं. फोनवरसुद्धा तो आईशी बोलताना उभा राहतो.

"तूच वाचलीस ना पाटी?" तो म्हणाला. "मोठ्याने वाचलीस ना? आणि तिच्या मांडीवर ठेवलीस? पायरीवर आपटत होतीस?"

 सासूबाईंनी स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. नखांत अजून तांबडा गंज होता.

"अरे, पुरे," मी म्हणाले, पण माझा आवाज इतका बारीक निघाला की कुणाला ऐकू आला नसेल.

पोलीस आले. गल्लीच्या दोन्ही टोकांना पट्टी बांधली. मग निळा दिवा लावलेली लष्कराची व्हॅन आली. आम्हा सगळ्यांना गावाच्या हॉलमध्ये बसवलं. कुणीतरी मला मोठ्या मापाचे लोकरी मोजे दिले, कुणीतरी चहा. एक तरुण पोलीस अधिकारी आत आला आणि सगळ्या हॉलला उद्देशून म्हणाला, "वस्तू हलवणारी व्यक्ती कोण?"

सासूबाईंनी हात वर केला. शाळेत मुलं करतात तसा, कोपर सरळ. इतकी वर्षं त्यांनी असे हात मोजले असतील, आणि आता भरल्या हॉलमध्ये, परक्या देशात, मोज्यांवर उभ्या राहून त्यांनी स्वतःचा हात वर केला. "आय डिड," त्या म्हणाल्या. "आय अ‍ॅम व्हेरी सॉरी." मग त्या खुर्च्यांच्या रांगांतून प्रत्येकाजवळ जाऊन सॉरी म्हणायला लागल्या. त्या तान्ह्या मुलाच्या आईजवळ आल्या तेव्हा तिने त्यांचा हात धरून त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवलं.  मला ते बघवेना.

लष्कराची जी बाई प्रमुख होती ती माझ्यापेक्षा लहान असेल. तिचा आवाज मऊ होता, डॉक्टरांचा असतो तसा. ती म्हणाली, मॉर्टरचा, म्हणजे उखळी तोफेचा गोळा आहे, बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सराव करताना डागलेला आणि न फुटलेला. असे बरेचसे पोकळ निघतात. हा पोकळ नाही. आत दारू आहे. त्याला लांब नेणं ठीक नाही, मागच्या शेतात खड्डा करून फोडू.

"तो ठोकला होता," नवरा म्हणाला. "पायरीवर."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे. "किती वेळा?" असं तिने विचारलं नाही. ती म्हणाली, "आता तुम्ही इथे आहात, हेच महत्त्वाचं." 

आवाज झाला तेव्हा तो कानांना कमी आणि पायांना जास्त कळला. हॉलच्या लाकडी जमिनीतून काहीतरी वर आलं. कपाटातले कप वाजले. कावळे एकदम उडाले असावेत, कारण बाहेर खूप वेळ काव काव चालू होतं. लेक, जी तोपर्यंत मजेत बिस्किटं खात होती, माझ्या कुशीत शिरली आणि म्हणाली, "मम्मा, तो माझ्या मांडीवर होता?"

तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. बाबाच्या ओरडण्यावरून तिने स्वतःच जोडलं.

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

कॉटेजला काही झालं नव्हतं. शेतात मात्र आमची गाडी बसेल एवढा खड्डा होता, आणि मालकीणबाईंच्या एका खिडकीची काच तडकली होती. आम्ही भरून द्यायचं म्हटलं तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. ओट्यावरचं वर्तमानपत्र तसंच होतं, त्यावर गंजाचा लांबट डाग. दुधावर साय धरली होती. मी ते दूध ओतून दिलं आणि पातेलं घासायला घेतलं, तर स्क्रबरमध्ये लोखंडाचा भुगा. तेव्हा मला पहिल्यांदा उलटी झाली.

सुट्टीचे दिवस उरले होते, पण आम्ही सकाळीच निघालो. परतीच्या वाटेवर सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या, कधी नव्हे ते. लेकीजवळ मागे बसायला त्यांनी नकार दिला. स्लाऊला आल्यावरही तेच. त्या तिला हात लावत नव्हत्या. वेणी घालणं माझ्याकडे आलं. रात्रीची गोष्ट बंद. लेक त्यांच्या मांडीवर बसायला गेली की त्या काहीतरी निमित्त काढून उठायच्या. नवऱ्याशी त्या नीट बोलत होत्या, माझ्याशीही, भाजी काय करायची, कपडे वाळत घातले का. एकदा मी विचारलं, "आई, तुम्ही जेवला नाहीत का?" तर म्हणाल्या, "मला अलीकडच्या तारखेचं परतीचं तिकीट मिळतं का बघा."

"दिवाळी तोंडावर आलीय."

"म्हणूनच."

नवऱ्याने तिकीट बघितलं नाही. बघतो, म्हणाला, आणि तसंच राहू दिलं. त्यालाही आईकडे बघवत नव्हतं. रात्री तो मला म्हणायचा, "मी असं बोलायला नको होतं," आणि पुढच्याच वाक्यात, "पण तिने पाटी वाचली होती यार." दोन्ही खरं होतं.

स्लाऊमध्ये दिवाळी आणि इंग्रजांची पाच नोव्हेंबरची फटाक्यांची रात्र लागोपाठ आल्या की पंधरा दिवस आभाळ वाजत असतं. त्या वर्षी सुरुवात एका शनिवारी संध्याकाळी झाली. मी करंज्या लाटत होते, सासूबाई सारण भरत होत्या, लेक टेबलाखाली मांजरासारखी बसून कणकेचे प्राणी करत होती. मागच्या गल्लीत कुणीतरी पहिला मोठा फटाका उडवला. खिडकीची काच थरथरली.

सासूबाईंच्या हातातली वाटी कुठे गेली मला कळलं नाही. त्या सत्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात, जिना चढताना कठड्याला धरतात. पण मी वळेपर्यंत त्या जमिनीवर होत्या, टेबलाखाली, लेकीच्या अंगावर पालथ्या पडलेल्या, दोन्ही हातांनी तिचं डोकं झाकून. सारण सगळीकडे सांडलं होतं. बाहेर दुसरा फुटला, तिसरा फुटला, आणि प्रत्येक आवाजाला त्या आणखी घट्ट होत होत्या.

"आजी," खालून दबलेला आवाज आला. "आजी, इट्स ओन्ली फायरवर्क्स. माझा श्वास जात नाही."

नवरा धावत आला. तो दारातच थांबला. मी खाली बसले आणि सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवला. 

"आई, फटाके आहेत. दिवाळीचे."

"माहितेय," त्या म्हणाल्या. पण हात सोडले नाहीत. मग तोंड जमिनीकडेच ठेवून त्या बोलायला लागल्या, इतक्या दिवसांचं एकदम. "मला वाटलं, बॉम्ब मोठा असतो गं. काळा, गोल. मी विद्यार्थ्यांना दगड ओळखायला शिकवले, आणि मला एवढं कळलं नाही. मी तो तिच्या मांडीवर दिला. मी स्वतःच्या हाताने दिला."

लेक कशीबशी सरकून बाहेर आली. केसांत खोबरं, गालाला कणीक. तिने आजीकडे नीट पाहिलं. आजी रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. मग ती परत आत शिरली आणि आजीच्या गळ्याखाली डोकं घालून पडून राहिली.

नवराही खाली बसला, सारणात. "आई, मी ओरडलो तुझ्यावर," तो म्हणाला.

"ओरडायलाच हवं होतंस," सासूबाई म्हणाल्या. "मीच तुला इतकी वर्षं ओरडू दिलं नाही."

बाहेर कुणाचा तरी रॉकेटचा डबा संपेपर्यंत आम्ही चौघं तिथेच बसून होतो. त्या वर्षी करंज्या थोड्याच झाल्या. सासूबाई ठरल्या तारखेपर्यंत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून लेकीची वेणी त्याच घालायला लागल्या, आणि घालताना मधेच हात थांबवून तिच्या डोक्यावर तळवा ठेवून उभ्या राहायच्या. लेक कंटाळून म्हणायची, "आजी, झाला का?" आणि त्या म्हणायच्या, "झाला नाही. झाली. वेणी झाली."